आईच्या चूर्णातली शतावरी

"बाबा, दोन दिवसांत डबाभर चूर्ण करून देतो! त्यात काय काय होतं ते माझं यंत्र सांगेल!"

मुलानं हात पुढे केला. बाबांनी बरणी सोडली नाही. आई जाऊन वर्ष झालं होतं. बाबांच्या खोकल्यावर ती करायची ते चूर्ण आता तळाशी चमचाभर उरलं होतं, आणि कृती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. खोकला आला की बाबा झाकण उघडून नुसता वास घ्यायचे.

"तुझं यंत्र खाणार तर नाही ना?"

"नुसता प्रकाश टाकतं हो! परत आलेल्या प्रकाशावरून वनस्पती ओळखतं. शेकडो औषधी वनस्पती मी स्वतः शिकवल्यात त्याला!"

प्रयोगशाळेत यंत्रानं क्षणात निकाल दिला. थोडी सुंठ, थोडा ज्येष्ठमध, बाकी सगळी शतावरी. खात्री सत्त्याण्णव टक्के!

मुलानं शतावरी आणून कुटली, चाळली. घरभर धुरळा झाला. मांजर शिंकत शिंकत शेजाऱ्यांकडे राहायला गेलं. बाबांनी चाटून पाहिलं आणि भिंत चाटल्यासारखं तोंड केलं.

"हे ते नाही."

शतावरी कमी पडली असेल! त्यानं दुप्पट घातली.

"हे तर मुळीच नाही! आता मला खरोखरचा खोकला लागला!"

मुलानं प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना गाठलं. बाईंनी एकच विचारलं, "याला 'माहीत नाही' म्हणायला शिकवलंयस?"

"औषधं सगळी येतात की त्याला!"

बाईंनी बिस्किटाचा चुरा ठेवला. शतावरी! खडूची भुकटी ठेवली. शतावरी! टेबल पुसायचं फडकं ठेवलं. शतावरी, एक्क्याण्णव टक्के!

"अगदी तुझ्यावर गेलंय," बाई म्हणाल्या. "उत्तर येत नसलं तरी गप्प बसवत नाही."

मग चूर्णात औषधाबाहेरचंच काहीतरी असणार म्हणत त्यांनी चहाच्या टेबलावरची साखर वाटून यंत्राखाली धरली. तिचा आलेख आणि चूर्णाचा आलेख पडद्यावर जवळजवळ एकमेकांवर बसले.

साखर! बाबांना मधुमेह निघाल्यापासून आईनं घरात साखरेचा दाणा येऊ दिला नव्हता. पाहुण्यांनासुद्धा फिका चहा!

संध्याकाळी त्यानं बरणी परत दिली. "बाबा, निम्म्याहून जास्त पिठीसाखर होती."

बाबांनी झाकण उघडून वास घेतला.

"साखर बंद झाली ना, तेव्हाच मी खोकायला लागलो," ते म्हणाले. "घसा ठणठणीत होता रे माझा. पण खोकलं की ती चमचा घेऊन यायची. जरा गोड लागायचं, आणि ती पाठीवरून हात फिरवत बसायची. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी तिला फसवतोय!"

"आता कृती कळलीय. करून देऊ?"

"नको. साखर वर्ज्य आहे मला."

त्यांनी झाकण घट्ट लावलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि हळूच खोकले.

मुलगा धावत पाणी घेऊन आला.

बाबांनी एक घोट घेतला. "हे ते नाही," ते म्हणाले.