सुट्टीवरची गाठ

सुकलाल आप्पा पोरांना दोरीला लावून फिरवायचे. बांधून नव्हे, लावून. सुरतेजवळच्या उधन्यातल्या आमच्या गल्लीतली अकरा पोरं, एक लांब दोरी, दोरीला हात-हातभर अंतरावर गाठी, आणि एकेक गाठ एकेका पोराच्या मुठीत. सगळ्यात पुढे आप्पा, तोंडात शिट्टी. वार्षिक परीक्षा आटोपल्या की ही मिरवणूक रोज सकाळी माझ्या खिडकीखालून कालव्याकडे निघायची. मी शाळेत शिक्षक. वर्षभर पोरांच्या कलकलाटात काढल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत आठपर्यंत झोपायचा मला हक्क आहे, असं माझं ठाम मत होतं. आप्पांना ते मान्य नव्हतं.

आप्पा मूळचे अमळनेरकडचे. अठरा वर्षं सुरतेत यंत्रमाग चालवत होते. मागांच्या खडखडाटात ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा चढला होता, की ते एखाद्याच्या कानात कुजबुजले तर पलीकडच्या गल्लीतून उत्तर यायचं. ऐकू मात्र त्यांना कमी यायचं. त्यामुळे पोरांची कटकट न होणारा आख्ख्या गल्लीत हा एकच माणूस. दिवसपाळी असली की सातला कामावर जाण्याआधी ते साडेपाचला शिट्टी फुंकायचे. रातपाळी असली की सातला सुटून, अंगाला मागाच्या तेलाचा वास तसाच घेऊन, घराचं कुलूपही न उघडता फुंकायचे. म्हणजे माझी झोप दोन्ही पाळ्यांत जायची.

"आप्पा, रात्रभर उभे होतात. जरा पडा की," मी एकदा खिडकीतून ओरडलो. खरं तर मलाच पडायचं होतं.

"झोप काय गुरुजी, पावसाळामा बी येस," आप्पा गरजले. तेवढ्यात माझी पाच वर्षांची मुक्ता माझ्या अंगावरून उडी मारून खाली पळालीसुद्धा.

ती दोरी त्यांनी स्वतः वळली होती, कारखान्यात कापडाचे काठ कातरून उरतात त्या चिंध्यांची. गुलाबी, पोपटी, जांभळी, जे रंग त्या हंगामातल्या साड्यांचे तेच दोरीचे. दोरीचा नियम मागावरचाच होता. मागावर एक तार तुटली की अख्खा माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची, मगच पुढे. इथंही तसंच. एखाद्या पोरानं गाठ सोडली की आप्पा दोन्ही हात वर करून ओरडत, "तार तुटनी!" मग जो जिथं असेल तिथं पुतळा. सुटलेलं पोर सापडून त्याची मूठ गाठीवर येईपर्यंत कुणी नाकावरची माशीसुद्धा हाकलायची नाही.

एकदा ही तार भर रस्त्यात तुटली. कुणाच्या तरी चपलेचा अंगठा निघाला, त्यानं गाठ सोडली आणि आप्पांनी जागच्या जागी माग बंद केला. दोन्हीकडून रिक्षा, एक उसाची गाडी, मागे म्हशी. "काका, आ शुं मांड्युं छे?" रिक्षावाला ओरडत होता. आप्पांना ऐकू येत नव्हतं, आणि आलं असतं तरी ते हलणार नव्हते. चप्पल सापडली, पायात गेली, मूठ गाठीवर आली, मगच शिट्टी वाजली. म्हशींनी तेवढी शांतता पाळली होती.

कालव्यावर विशेष असं काही नसायचं. पोरं पायरीवर ओळीनं बसून पाण्यात पाय सोडायची. आप्पा गलेली, म्हणजे आपले ताडगोळे, नखानं सोलून एकेकाच्या तोंडात घालायचे. निंबाची फुलं डोक्यावर पडायची. खंड्या पाण्यात सूर मारायचा आणि अकराही पोरं एकदम "गेला, गेला!" करायची. मुक्ता घरी येऊन हे सगळं मला दोनदा सांगायची. मी रागावून ऐकायचो, पण ऐकायचो.

दोरीला अकरा पोरांसाठी बारा गाठी होत्या. पहिली, आप्पांच्या मागोमागची गाठ कायम रिकामी. तिच्यावरून पोरांची रोज मारामारी. आप्पा कुणालाच ती धरू देत नसत. "ती गाठ सुट्टीवर शे," एवढंच उत्तर. किती दिवस सुट्टीवर, का सुट्टीवर, काही नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याची एक लहर.

मग एका सकाळी आप्पा पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे आले.

"लिखा गुरुजी. सरलाले. आखाजीले सुरतले ये. झोका बांधेल शे."

सरला ही त्यांची एकुलती एक मुलगी. आई लवकर गेली, पोर गावी मामाकडे वाढली. माग दिवाळीला बंद राहतात, तेव्हा आप्पा वर्षातून तेवढे एकदा गावी जायचे. आणि आखाजी येते भर उन्हाळ्यात. अक्षय तृतीयेला खानदेशात लेकी माहेरी येतात, बाप निंबाला झोके बांधतात, पोरी झोक्यावर गाणी म्हणतात. अठरा वर्षांत आप्पांना एकदाही त्या दिवशी रजा मिळाली नव्हती. सरला दुसऱ्यांच्या बापांनी बांधलेल्या झोक्यांवर बसली. आता तिचं लग्न झालं होतं आणि लग्नानंतरची ही पहिली आखाजी.

"मामाकडेच जाईल ना ती?" मी विचारलं.

"जठे बाप, तठे माहेर," आप्पा म्हणाले. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

"पण झोका कुठं बांधलाय?"

"पत्र पोचाले चार दिन लागतीन. तितलामा बांधाई जाई."

बांधला. कालव्यावरच्या निंबाला, कारखान्यातल्या मागाच्या जुन्या पट्ट्याचा. आधी ओल्या वाळूचं पोतं बसवून पाहिलं. मग माझ्याकडे नजर टाकली. "गुरुजी, तुम्ही बठा. तुमनं वजन चांगलं शे." अकरा पोरांपैकी सहा माझ्याच शाळेतली. त्यांच्यासमोर मी झोक्यावर बसलो, आणि सांगायला लाज वाटते, उतरायला मला दोनदा सांगावं लागलं.

खाली उतरल्यावर मी विचारलं, "आप्पा, एका लेकीसाठी झोका, ते समजलं. पण ही दुसऱ्यांची पोरं रोज कशाला?"

ते पट्ट्याची गाठ दाबून पाहत राहिले. "मन्ही पोर मोठी व्हई गयी गुरुजी, माले समजनंच नही. पोर सात वरीसनी कशी दिसस, आठ वरीसनी कशी बोलस, काहीच नही समजनं." मग पाठ फिरवून त्यांनी शिट्टी वाजवली.

सरलाचं उत्तर आलं नाही. आप्पांनी मात्र शेठकडून आखाजीची रजा काढली. त्यासाठी आदल्या दिवशी दिवसपाळी संपवून लगेच रातपाळीला उभे राहिले, आणि सकाळी सुटून दोरी घेऊन थेट उधना स्टेशनवर. अकराही पोरं बरोबर. त्या दिवशी मीही गेलो. झोप नाहीतरी मोडलीच होती.

भुसावळची पॅसेंजर यायला वेळ होता. आप्पा पोरांना सांगत होते, सरलाताई कशी ओळखायची. "दोन वेण्या, हिरव्या रिबिनी, गालवर खळी." हे वर्णन पाच-सहा वर्षांच्या मुलीचं होतं. दिवाळीच्या चार दिवसांत आणि लग्नाच्या धांदलीत पाहिलेली सरला त्यांच्या डोळ्यांत ठरलीच नव्हती.

गाडी आली. फलाटावर एकच गर्दी झाली. पोरं माना उंच करकरून हिरव्या रिबिनी शोधू लागली. आणि तेवढ्यात आप्पांचे दोन्ही हात वर गेले.

"तार तुटनी!"

शेवटून दुसरी गाठ रिकामी होती. मुक्ताची.

मी गर्दीत शिरलो, हाका मारल्या. गाडी सुटली. गर्दी पांगली. आणि फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला, बायकांचा घोळका निघून गेल्यावर, हिरव्या साडीतली एक तरुण मुलगी पिशवी छातीशी धरून उभी राहिलेली दिसली. ती चहूकडे पाहत होती. आप्पांनीही तिला पाहिलं. त्यांचा चेहराच सांगत होता.

"आप्पा, जा तुम्ही!" मी त्यांच्या कानाशी ओरडलो. "माझी मी शोधतो!"

आप्पांचे हात अजून वरच होते, डोळे त्या टोकाला लागले होते. पण पाय हलले नाहीत. पुढे जायचं तर दहा पोरांची दोरी सोडावी लागणार होती, आणि अकरावं पोर सापडलेलं नव्हतं.

"पहिले तुटेल तार, गुरुजी," ते म्हणाले.

त्या क्षणी मला त्यांचा राग आला आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं.

मग ती हिरवी साडी चालू लागली. तिच्या पलीकडच्या बाजूनं, तिचं बोट धरून, मुक्ता येत होती. रिबिनी दिसल्या नव्हत्या, पण खळी दिसली होती, असं तिनं नंतर मला सांगितलं. मी तिला ओढून घेतलं, रागावलो, पापा घेतला, पुन्हा रागावलो. ती माझ्या हातातून निसटून आपल्या गाठीवर जाऊन उभी राहिली. नियम म्हणजे नियम.

बापलेक समोरासमोर उभे होते. सरलानं वाकून नमस्कार केला, आणि उठताना तिचा हात सहजच त्या पहिल्या रिकाम्या गाठीवर टेकला.

"ताई, ती नको!" मुक्ता मागून ओरडली. "ती गाठ सुट्टीवर आहे!"

आप्पांनी आपला हात सरलाच्या मुठीवर ठेवला. "आते तिनी सुट्टी सपनी," ते म्हणाले. इतक्या हळू, की शेवटच्या पोराला ऐकू गेलं नाही. हा माणूस हळू बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांनी शिट्टी तोंडात धरली, पण ओठ काही जुळेनात. दोनदा फुंकली, नुसती हवा आली. पोरं चुळबुळ करू लागली. कालव्यावर झोका वाट पाहत होता.

मग ती शिट्टी मी त्यांच्या हातातून घेतली, सदऱ्याला पुसली आणि जोरात वाजवली.