सरळ रेघांचं शेत

पाणी उताराकडे धावतं आणि शिकलेला माणूस फोटोकडे, हा सृष्टीचा नियम आहे. माझ्या थोरल्याबद्दल माझी तक्रार एवढीच, की तो नियमाने वागतो.

मी तिसरीपर्यंत शिकले. (चौथीचे मास्तर माझ्याशी वाद घालायला तयार नव्हते.) पण सही करते, अंगठा उठवत नाही. थोरला शेतीची पदवी घेऊन आला आणि आमच्या वरच्या शेतात काय काय चुकलंय ते त्याने बोटांवर मोजून दाखवलं. एक, बांध फार. दोन, बांधावर गवत फार. तीन, नांगरट उताराला आडवी, म्हणून वाकडी दिसते. चौथं बोट त्याने उघडलं नाही, पण बघितलं माझ्याकडे.

ते शेत उतारावर आहे. सासूबाईंनी आणि मी दगड वेचून त्याचे बांध घातले. पाणी यायचं, बांधाशी पाहुण्यासारखं टेकायचं, हातातली माती खाली ठेवायचं आणि मगच निघायचं. ही झाली मागासलेली पद्धत. आधुनिक पद्धतीत ट्रॅक्टरला वळायचा त्रास होता कामा नये; त्याची प्रकृती नाजूक असते. म्हणून बांध सपाट झाले आणि नांगरट वरून थेट खाली, डोक्यात भांग पाडावा तशी. मग उडत्या कॅमेऱ्याने फोटो काढला. खोटं कशाला बोलू, शेत इस्त्री करून घडी घालून ठेवल्यासारखं दिसत होतं.

तो फोटो फोनवर गेला आणि शिकल्यासवरल्या लोकांनी त्याला अंगठे दाखवले. तुम्हीही दाखवला असेल. नाही म्हणू नका, शंभरातल्या एकशे दहांनी दाखवला असं थोरला सांगतो. (पोरीला अंगठा उठवायची पाळी येऊ नये म्हणून माझ्या वडिलांनी मला शाळेत घातलं. पुरतं शिकलं की माणूस परत अंगठ्यावरच येतो, हे त्यांना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं.)

माती झाली, मग पाण्याचं संवर्धन. कोपऱ्यात मोठा खड्डा खणला, प्लास्टिक अंथरलं आणि बोअरचं पाणी उपसून त्यात भरलं. जमिनीच्या पोटात सावलीला बसलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं, याला पाणी वाचवणं म्हणतात. सूर्य आपला वाटा रोज नेतो, पण कुरकुर नाही हो त्याची.

तिसरी सुधारणा म्हणजे ओलाव्याची सुई. ती मातीत खोचली की शेताला तहान लागली का नाही ते फोनला कळवते. थोरला चहा पिता पिता शेताची खुशाली फोनला विचारायचा.

"अरे, जाऊन मूठभर माती उचलून बघ की."

"आई, अंदाजाने शेती करायचे दिवस गेले."

गेले असतील. मला कुणी कळवलं नाही.

एवढं झाल्यावर संवर्धन समिती आली. साहेबांनी रस्त्यावर उभं राहूनच पाहणी केली. बुटाला कणभरही माती लागू दिली नाही. मातीची एवढी जपणूक त्या शेतात दुसऱ्या कुणी केली नाही. जाताना त्यांनी बोर्ड रोवायला लावला: 'आदर्श मृद व जल संधारण क्षेत्र'.

मग पाऊस पडला. यात पावसाची चूक मी मानत नाही. त्याला सरळ रस्ता आखून दिला होता, तो सरळ गेला. एकेका रेघेचं गटार झालं.

खालचं शेत धाकट्या जाऊचं. तिच्या नांगराने आमच्या सामायिक बांधाची हातभर माती कोरली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. त्या हातभर मातीपायी आम्ही एकमेकींच्या आजारपणालासुद्धा गेलो नाही. आता थोरल्याने अख्ख्या शेताची वरची माती, खतासकट, काकूला घरपोच केली. वाहतूक फुकट.

इतक्या वर्षांनी जाऊ पहिल्यांदा बोलली, तीही खालून ओरडून: "जाऊबाई, थोरल्याला म्हणावं खत जरा बेताने टाक! आमच्याकडे पीक लोळायला लागलंय!"

आमच्याकडे पीक पिवळं पडलं आणि टक्कल दिसावं तसा मुरूम वर आला. आणखी एक असा पावसाळा, की त्या शेतात पेरायला माती उरणार नाही. पण फोन म्हणत होता, ओलावा उत्तम.

"आई, तुझ्या चष्म्यामुळे पिवळं दिसतं."

मी चष्मा काढला. पिवळंच. शेवटी सूनबाई सुई शोधायला निघाली. सापडली ती काकूच्या शेतात, गाळात रुतलेली. बिचारी खोटं बोलत नव्हती. ती होती तिथे ओलावा उत्तमच होता.

बोर्डही सुईच्या मागोमाग गेला होता. जाऊने तो नीट उभा करून त्याला शेळी बांधली. यंदा समिती खालच्या रस्त्याने आली, बोर्ड दिसला, थांबली. जाऊचा सत्कार झाला. शेळी फोटोत आहे. आणि खरं सांगायचं तर समितीचं पहिल्यांदाच बरोबर आलं: माती अडली होती ती तिथेच.

हे कळल्यावर थोरला पायात बूट घालायला बसला. काकूशी भांडून बोर्ड परत आणणार म्हणे. मी दारात आडवी उभी राहिले, जुन्या बांधासारखी.

"बस खाली. बोर्ड तिथेच राहू दे, आत्ता कुठे खरं बोलायला लागलाय तो. काकूकडे मी जाते, माती मागायला. वाकायचं ते मी वाकेन. तू फोन उचल. तुझ्या रेघांना ज्यांनी ज्यांनी अंगठे दाखवले, त्या सगळ्यांना कळव, पावसाच्या आत माती वर वाहायची आहे आणि बांध घालायचेत. येताना एकेक टोपली आणा म्हणावं. टोपली धरायलाही अंगठाच लागतो."