कार्डाचा पत्ता

"या रविवारीही ऑफिसला गेलास, तर डबा तिकडेच मागवून घे," असं बायकोने शांतपणे सांगितलं, तेव्हा सिस्टिमवाल्याने शनिवारीच काय तो निकाल लावायचं ठरवलं.

मालवाहतूक कंपनीचा सर्व्हर दर रविवारी हमखास अडकायचा आणि नुसतं बटण दाबायला याला दीड तास प्रवास करावा लागायचा. सर्व्हरच्या पोटात एक छोटं कार्ड होतं. त्याला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता दिला, की घरबसल्या सर्व्हर बंद-चालू करता येणार होता.

जेवणाच्या सुट्टीत त्याने एक पत्ता निवडला. मोकळा आहे ना, म्हणून नेटवर्कवर हाक मारून पाहिली. कोणी ओ दिली नाही. त्याने तो पत्ता कार्डाला देऊन टाकला. पासवर्ड कारखान्यातून आला तोच ठेवला. बदलू निवांत.

पत्ता प्रिंटरचा होता. कारकून बाई जेवायला जाताना प्रिंटर बंद करून जात, म्हणून तो गप्प होता.

दोन वाजता बाईंनी प्रिंटर लावला. पत्ता कार्डाकडे गेल्यामुळे मालाची चिठ्ठी निघेना, आणि चिठ्ठीशिवाय ट्रक फाटकाबाहेर जात नसे. बाईंचा इलाज ठरलेला होता: संगणकावर प्रिंटरचं पान उघडायचं, पासवर्ड टाकायचा आणि 'पुन्हा सुरू करा' दाबायचं. आज पान जरा वेगळं दिसलं, पण पासवर्ड चालला. दोन्ही कारखान्यांना तोच सुचला होता.

आतल्या खोलीत सर्व्हर बंद पडला.

सिस्टिमवाल्याने केबल तपासल्या. सर्व्हर उठला, दहा मिनिटांत पुन्हा झोपला. चौथ्या वेळी फाटकाशी अकरा ट्रक हॉर्न वाजवत होते आणि साहेब त्याच्या मानेशी उभे होते.

"काय केलंत तुम्ही?"

"काही नाही साहेब. रविवारची सोय करत होतो."

तेवढ्यात बाहेरून बाईंचा आवाज आला. "अजून छापत नाहीये. थांबा, परत एकदा दाबते."

सिस्टिमवाला धावला. "बाई, हात बाजूला घ्या. काय दाबताय?"

बाईंनी दाखवलं. पडद्यावर प्रिंटरचं नाही, सर्व्हरच्या कार्डाचं पान होतं. त्याने कार्डाला दुसरा पत्ता दिला. चिठ्ठ्या निघाल्या, ट्रक गेले. नोकरीही गेली, असं धरून तो साहेबांपुढे उभा राहिला.

साहेब विचारात पडले होते. "म्हणजे बाईंनी जागेवरून न उठता चार वेळा सर्व्हर बंद-चालू केला?"

"हो, पण साहेब..."

"आणि दरवेळी तो नीट सुरू झाला?"

"झाला."

"तुम्हाला यासाठी दीड तास लागतो ना?"

सोमवारी आदेश निघाला. सर्व्हर बाईंकडे गेला आणि प्रिंटर सिस्टिमवाल्याकडे आला.

बाईंनी कामाची सूत्रं रीतसर त्याच्या हाती दिली. "कागद अडकला तर डावीकडून ओढा," त्या म्हणाल्या. "उजवीकडून फाटतो."