पास केली ना? मंग बसा!

बावणे साहेब लग्नाला गेले की आधी नवरदेवाला भेटत नाहीत, नवरदेवाच्या गाडीला भेटतात. ब्रह्मपुरीकडच्या एका वरातीत त्यांनी फुलांनी मढवलेल्या गाडीमागचा हार बाजूला सारला आणि जाहीर केलं, "मागचा लाइट फुटला हाये. नवरदेव, उतरा." बँडवाल्यांना वाटलं, नवरदेव नाचायला उतरला. त्यांनी जोरात वाजवायला घेतलं. बिचारा मांडवापर्यंत पायी गेला, आणि नवरीकडच्यांना वाटलं यांच्याकडे अशीच रीत असेल.

मी साहेबांच्या सरकारी जीपचा ड्रायव्हर. साहेब मोटार वाहन निरीक्षक. भाड्याच्या गाड्या रस्त्यावर चालवण्यालायक आहेत का, हे तपासून दाखला देणारी खाजगी सेंटरं आमच्या भागात आहेत. लोक त्याला 'पासिंग' म्हणतात. सेंटरवाले खरंच तपासतात की नुसता शिक्का मारतात, हे बघणं साहेबांचं काम.

त्यांची पद्धत मात्र कुठल्या नियमात लिहिलेली नाही. सेंटरवर गेले की ते खुर्चीवर बसत नाहीत, तिथला चहा घेत नाहीत, कॉम्प्युटरकडे ढुंकून बघत नाहीत. दारातून नुकतीच पास होऊन निघालेली गाडी थांबवतात आणि सेंटरच्या मालकाला हाक मारतात, "पास केली ना भाऊ? मंग बसा!"

मालकाला शेजारी बसवून त्याच गाडीतून फेरी. प्रामाणिक सेंटरवाले हसत बसतात. बाकीच्यांना नेमका तेव्हाच फोन येतो, पाठ दुखते, नाही तर देवदर्शनाची आठवण होते.

सेंटरवाला गुल्हाने मात्र बेरका होता. त्याच्या सेंटरमधून एक काळी-पिवळी जीप पास होऊन बाहेर आली. कोपऱ्यावर थांबलेल्या सवाऱ्या लगेच आत शिरल्या. साहेबांनी चाकाला हात लावला. गावचा चिखल वाळून जसाच्या तसा बसलेला. ब्रेकच्या मशीनवर चाकं फिरली असती तर तो कधीच झडला असता.

"सवाऱ्या उतरवा," साहेब म्हणाले. "गुल्हाने भाऊ, बसा."

"मी काऊन साहेब?"

"पास कोनं केली?"

गुल्हाने बसला. साहेब त्याच्या बाजूला. मी आमची जीप घेऊन मागे. पुढे नाल्याच्या पुलाकडे मोठा उतार आहे, हे गुल्हानेला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. काळी-पिवळी रांगत निघाली. उतार अजून बराच लांब होता, तोच खिडकीतून गुल्हानेचं अर्धं अंग बाहेर आलं.

"थांबव! शेतात घाल! हिचे ब्रेक लागत नाई!"

काळी-पिवळीच्या ड्रायव्हरने गाडी बाजूच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर चढवून थांबवली. साहेब शांतपणे उतरले आणि शर्टवरची धूळ झटकली. "भाऊ, मशीननं नाई सांगितलं. तुमीच सांगितलं."

गाडी जागेवरच अटकावली. सेंटर बंद करण्याचा प्रस्ताव त्याच दुपारी गेला. कुणा मोठ्या माणसाचा फोन आला, पलीकडचा आवाज मला बाजूला उभं राहूनही ऐकू येत होता. साहेब नम्रपणे म्हणाले, "या ना साहेब. गाडी अजून इथीच हाये. तुमीबी बसा." पलीकडून फोन ठेवला गेला. पुढे गुल्हानेचा परवाना निलंबित झाला.

पण त्या दुपारी एक म्हातारी बाई रस्त्याच्या कडेला तशीच उभी होती. बाकीच्या सवाऱ्या दुसऱ्या गाड्यांनी गेल्या, तिला कुणी घेतलं नव्हतं. तिची लेक बाळंत झाली होती आणि हिला वैनगंगेकाठच्या गावी पोचायचं होतं.

"माय, आमच्या गाडीत बस," साहेब म्हणाले. तिला पुढची सीट दिली आणि स्वतः मागे बसले.

वाटेत तिने विचारलं, "बाबू, घरी कोन कोन हाये?"

"बायको हाये माय."

मी आरशातून मागे पाहिलं. साहेबांचं लग्न झालेलं नाही, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे.

"वाट पाहून राह्यली असन."

"पाहते ना. उशीर झाला का ओरडते. मंग मी गुपचूप जेवतो. पन मी बसल्याशिवाय ताट नाई वाढून घेत." साहेब थांबेचनात. ती भाजीत मीठ जास्त टाकते, तिला गाडीत पुढे बसायला आवडतं, पावसात दोरीवरचे कपडे तीच धावत जाऊन काढते. गुल्हानेला घाम फोडणारा आवाज इतका मऊ होऊ शकतो, हे मला माहीत नव्हतं.

गाव आलं. उतरताना म्हातारीने लेकीसाठी आणलेल्या गाठोड्यातून सुकलेल्या मासोळ्यांची एक पुडी काढली. "तुह्या बाईले देजो. आधी भाजजो म्हना, मंग कोमट पान्यात धुवून आंबाडीत टाकजो."

साहेबांनी पुडी दोन्ही हातांनी घेतली.

दिवेलागणीला मी त्यांना क्वार्टरवर सोडलं. ते उतरले, खिशातून किल्ली काढून कुलूप उघडलं आणि दारातच थांबले.

"आधी भाजाच्या म्हने ना?"

"हो साहेब. मंग धुवाच्या."

त्यांनी पुडीकडे पाहिलं. "तू जेवाले थांबतं का?"

मी जीप बंद केली.