नापासरावांचा उजवा पाय

"गाडी ती गाडीच! रस्त्यावर चालो नाहीतर चंद्रावर! शेजारी बसलो की दोन मिनिटांत सांगतो, चालवणारा किती पाण्यात आहे!"

अंतराळ संग्रहालयाच्या दारातच नापासरावांनी ही घोषणा केली, तीही तिकीट तपासणाऱ्या मुलीकडे बघून. त्या बिचारीने विचारलं होतं एवढंच, की काका, तुम्हाला चक्कर वगैरे येत नाही ना?

नापासराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वाहन परवान्याच्या कचेरीत ते परीक्षक होते. गावात परीक्षक एकच, त्यामुळे गाडी शिकणाऱ्या प्रत्येकाला आयुष्यात एकदा तरी त्यांच्या शेजारी बसावंच लागे, बहुतेकांना चारदा. आरशात बघितलं नाही, नापास! आरशात फार वेळ बघितलं, तरी नापास! चिडणं हा त्यांचा नुसता स्वभाव नव्हता, पूर्णवेळ उद्योग होता. आणि त्यांच्या तत्त्वनिष्ठेचा पुरावा घरातच नांदत होता. सख्ख्या बायकोला त्यांनी तीनदा नापास केलं होतं. तिन्ही वेळा शेरा एकच, 'विनाकारण ब्रेक'.

"अहो, मी ब्रेक दाबलाच नव्हता," ती दर वेळी म्हणे.

"मग काय गाडीला उचकी लागली?"

चौथी परीक्षा उद्यावर आली होती. तिची आई दोन गावं पलीकडे एकटीच राहायची, गुडघ्यांनी अधू झालेली. आईला बघायला तीन वर्षं ही बाई दर आठवड्याला दोन बस बदलून जायची, नि दारातली गाडी झाकण घालून उभी! उद्या पुन्हा नापास झाली तर वर्षभर अर्जच करता येणार नव्हता. ती सारखी नियमावली चाळत बसलेली बघून लेकीने आज दोघांना संग्रहालयाची तिकिटं काढून दिली होती. जरा मन रमेल म्हणून.

मन रमायच्या ठिकाणी नापासराव आले की काय होणार! चंद्रावर उतरायच्या केबिनपाशी पोचताच त्यांनी दारातली कर्मचारी मुलगी धारेवर धरली. पट्टा असा का, बक्कल तसं का, शेवटची तपासणी केव्हा झाली? हे चाललं होतं तेवढ्यात बायको आत जाऊन बसलीसुद्धा. मुख्य वैमानिकाच्या खुर्चीत!

"ऊठ! ती माझी जागा आहे!"

"बसा हो काका बाजूला," मुलगी म्हणाली. "सहवैमानिकाला काही करायचं नसतं."

इतका अपमान त्यांचा जन्मात झाला नव्हता. ते धुसफुसत बसले. दार लागलं, अंधार झाला, केबिन हलली आणि समोरच्या पडद्यावर चंद्र वर वर येऊ लागला. बायकोने दांडा धरला. हळूच धरला, छान धरला. पण हे कबूल करतील तर नापासराव कसले!

"वेग बघ, वेग! अगं, डावीकडे! खड्डा! खड्डा आला!"

"अहो, चंद्र आहे. खड्डे असणारच!"

धाडकन केबिन थांबली. तिरकीच्या तिरकी. दिवे लागले, दार उघडलं.

"आणीबाणीचं पेडल दाबलं गेलंय," कर्ण्यातून आवाज आला. "पहिल्यापासून सुरू करते."

"बघा!" नापासराव कडाडले. "विनाकारण ब्रेक! खोडच आहे हिची!"

बायकोने पुन्हा दांडा धरला. दुसऱ्यांदाही तेच झालं. बाहेर चाळीस पोरं घेऊन आलेले कवायतीचे मास्तर शिट्टी फुंकायला लागले. तिसऱ्यांदा केबिन थांबली तेव्हा चंद्र हातभर उरला होता. कर्मचारी मुलगी स्वतः आत आली.

"काका, पाय काढा."

"मला काय सांगतेस? हिला सांग!"

"मॅडमपाशी पेडलच नाही. एकच पेडल आहे, तुमच्या पायाखाली. घाबरलेला माणूस हातांनी काही ना काही घट्ट धरून बसतो, म्हणून ते खाली दिलंय. तीनदा दाबलंत तुम्ही."

"मी? घाबरलो? पंचवीस वर्षं मी..."

पंचवीस वर्षं नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्याने त्यांचा उजवा पाय त्यांना न विचारता चालू लागला होता. हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं.

"कचेरीच्या गाडीत," बायको सावकाश म्हणाली, "परीक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो ना?"

"तो सुरक्षिततेसाठी असतो!"

"आणि शेरा माझ्या नावावर!" ती असली भडकली की मास्तरांची शिट्टी तोंडातच राहिली. "तीन वर्षं! आई दाराकडे डोळे लावून बसते नि मी बसथांब्यावर उभी! वर घरी येऊन तुमची बोलणी खायची, अक्कल नाही, पाय ताब्यात नाहीत! कोणाचे पाय हो? उतरा आधी!"

"अगं, पण सहवैमानिक..."

"त्याला काही करायचं नसतं ना? मग ते 'काही नाही' बाहेर उभं राहून करा!"

नापासराव उतरले. बाहेरच्या पडद्यावर त्यांनी बायकोला उतरताना पाहिलं. कापसावर मांजर उतरावं तशी ती चंद्रावर उतरली. पोरांनी टाळ्या पिटल्या. मास्तरांनी तेवढ्या पिटल्या नाहीत, कारण शेवटच्या क्षणी नापासरावांनी शेजारी उभ्या मास्तरांच्याच पायाच्या अंगठ्यावर करकचून ब्रेक मारला होता.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कचेरीच्या गाडीत बसताच बायकोने एकच अट घातली.

"मांडी घाला."

"काय?"

"दोन्ही पाय वर. नियमावलीत परीक्षकाचे पाय कुठे असावेत ते लिहिलेलं नाही. मी वाचलीय."

"आणि मला काही झालं तर?"

"तीन वर्षं मला झालंच की!"

नापासराव लालबुंद झाले, पण मांडी घालून बसले. चढ, उतार, चौक, वळण, गाडी कुठेही अडखळली नाही. दात ओठ खात त्यांनी कागदावर 'पास' लिहिलं. इतक्या वर्षांत सवय मोडल्याने ते अक्षरही धड येईना. तासाभरात बायको परवाना घेऊन, दारातल्या गाडीवरचं झाकण ओढून थेट आईकडे निघून गेली.

इकडे रांगेतल्या अकरा जणांनी काचेतून परीक्षकांचे वर आलेले गुडघे पाहिले होते. बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! पुढचा उमेदवार गाडीत बसला आणि अदबीने म्हणाला, "साहेब, मांडी."

"चालता हो!"

"वहिनींना एक नियम नि आम्हाला एक?"

तत्त्वनिष्ठ माणसाला मांडी घालावीच लागली, प्रत्येकासाठी! त्या दिवशी अकराच्या अकरा पास झाले. गावात असं कधी घडलं नव्हतं. संध्याकाळी वरिष्ठांनी अभिनंदनाला बोलावलं तेव्हा नापासरावांचं डोकं असलं भडकलं, की आता पाय आपटत इथून निघून जावं आणि राजीनामाच द्यावा! पण दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या. आपटायला उचलतील तर शपथ!