पानवेलीचा कैवारी

आमच्या माहीम गावात (हे केळव्याजवळचं, मुंबईतलं नव्हे) भालूकाकांच्या वाडीत शिरायचं तर आधी चपला काढाव्या लागतात. आत देऊळबिऊळ काही नाही. पानवेल आहे, विड्याच्या पानांची.

"पानवेल सोवळी हाय. चप्पल बघितली का रुसते," काका ठणकावतात. हसलात की संपलात. मग मातीचं कारण निघतं, रोगाचं निघतं, सापाचंसुद्धा निघतं. साप असेल तर उलट चप्पल हवी ना, असं मी एकदा म्हणालो. "चप्पल असली का माणूस बघून चालत नाय!" उत्तर तयारच होतं.

काकू गेल्यापासून काका एकटेच असतात आणि स्वतःला कैवारी म्हणवतात. अर्थ न विचारता सांगतात. "कानडीत कै म्हंजे हात. तारापूरला माझ्यासंगं कानडी फिटर होता, त्यानं सांगितलं. दुसऱ्यासाठी हात आडवा घालतो तो कैवारी. वकिलाला अशील लागतं. कैवाऱ्याला कोणी बोलवायला लागत नाय." हे कितपत खरं, देव जाणे. शब्दकोश नेऊन दाखवायची माझी छाती नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा नितीन बोईसरहून माणसं घेऊन आला. वेलींवर सावलीसाठी हिरवी जाळी टाकायची होती. सगळ्यांच्या पायांत गमबूट. काका कवाडातच उभे राहिले.

"बाबा, वेल जळतेय! ही माणसं पुन्हा मिळणार नायत!" नितीन ओरडला. वेल खरंच करपत होती.

"जळू दे. बुटानं कोण आत जाणार नाय."

मुकादम म्हणाला, "चाचा, पाँव में काँटा लगेगा तो?"

"लगेगा तो मैं निकालेगा!"

शेवटी बूट निघाले. काका संध्याकाळपर्यंत सुई घेऊन बांधावर बसले आणि दोघातिघांचे काटे त्यांनी खरोखर काढले.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "काका, वेल खरंच रुसते?"

"छ्या! वेल काय रुसते!" काका सुई डबीत ठेवत म्हणाले. "तुमची काकू मानायची. मी मुद्दाम चपला घालून आत जायचो, तिला चिडवायला. मंग ती भांडायची. माती, रोग, साप, सगळी कारणं तिचीच." डबीचं झाकण लावून म्हणाले, "आता ती नाय. तिच्या बाजूनं बोलायला दुसरं कोण हाय?"

काका वेलींना पाणी द्यायला आत गेले. मला आत जायचं नव्हतं, तरी मी बांधावरच चपला काढल्या.