सगळी बटणं असलेले कपडे

डोंगरावरच्या त्या आदिवासी वस्तीत मिशनचे प्रमुख बंधुजी सकाळी उठून बाहेर आले, तर त्यांचा इस्त्रीचा शर्ट विहिरीवर पाणी भरत होता. आत माणूस दुसराच होता.

बंधुजींना टापटिपीचं भारी वेड. शहरातून निघताना दानाचे जुने कपडे आणि मंडळींचे स्वतःचे कपडे त्यांनी एकसारख्या खोक्यांत भरायला लावले. खुणा करू या का, असं बायकोनं विचारलं, तेव्हा मला कळत नाही का, असं उत्तर तिला मिळालं. काल संध्याकाळी आल्या आल्या सेवेचा उत्साह एवढा दांडगा, की प्रार्थना संपायच्या आत सगळी खोकी वाटून झाली. आता थोड्या वेळात मिशनचे मोठे साहेब फोटो काढायला येणार, आणि प्रमुख झोपायच्या पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात. साहेबांची मर्जी गेली, की प्रमुखपदही जाणार.

वस्तीचा कारभार जिच्या शब्दावर चाले, तिला सगळे आत्या म्हणत. बंधुजींनी तिच्या अंगणात जाऊन आडून आडून विषय काढला.

"यंदा पहिल्यांदाच सगळी बटणं असलेले कपडे आले," आत्या म्हणाली. "लोक म्हणतायत, या माणसांना अक्कल आली."

"अहो आत्या, ते आमचे आहेत."

"मग आमच्यासाठी आणलेत, ते तुम्ही घाला की."

तिनं त्यांना शेळ्यांच्या गोठ्यात नेलं. मागच्या सगळ्या वर्षांची खोकी तिथं रचली होती. एका बाहीचा कोट, भोकाचे मोजे, वर पोहायचा पोशाख. आसपास तळंसुद्धा नव्हतं. बंधुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दारी आलेल्याचं मन मोडू नये, म्हणून ठेवून घेत गेलो," आत्या म्हणाली. "आता बास. तुमचे कपडे मिळतील. आधी ही खोकी गाडीत चढवा. सगळी."

बंधुजींनी समजावलं, विनवलं, शेवटी देवाचं नाव काढलं. आत्या ढिम्म हलली नाही. मग अख्खं मिशन लेंग्यांत खोकी वाहू लागलं. जीप टपापर्यंत भरली. माणसांना पायीच उतरावं लागणार होतं.

कपडे बदलून होतात न होतात तोच साहेब आले. भरलेली जीप बघून त्यांनी कॅमेरा काढलाच नाही. जरा वेळानं त्यांनी आत्याला गोड आवाजात विचारलं, की पुढच्या वर्षी काय पाठवू?

"काही नको. नुसतं भेटायला या," आत्या म्हणाली. "रिकाम्या हातानं यायला जमतंय का, तेवढं बघा."

साहेबांनी उत्तरासाठी बंधुजींकडे पाहिलं. जीपमध्ये न मावलेलं शेवटचं खोकं बंधुजींच्या डोक्यावर होतं. त्यांना मानसुद्धा हलवता येईना.